डेटिंग ॲपचे स्टार नंतर बघा, आधी तक्रारीचं बटण शोधा

‘बेस्ट फ्री डेटिंग साईट्स’ असं गुगलवर टाकलं की टॉप टेन, टॉप फिफ्टीन अशा याद्यांचा ढीग येतो आणि बऱ्याच याद्यांमध्ये प्रत्येक नावाखाली एक बटण असतं, ‘आत्ताच जॉइन व्हा’. त्या बटणावरून जाऊन तुम्ही अकाउंट उघडलंत की यादी लिहिणाऱ्याला कमिशन. सगळेच तसं करत असतील असं नाही, पण करणारे कमी नाहीत, त्यामुळे पहिला नंबर ज्याला मिळालाय तो चांगला म्हणून मिळालाय की जास्त कमिशन देतो म्हणून, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही. शिवाय दहा नावं म्हणजे दहा कंपन्या असंही नसतं. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड, प्लेंटी ऑफ फिश हे सगळं एकट्या मॅच ग्रुपचं. बंबल आणि बदू एकाच कंपनीचे. आपल्याकडचं आयल हे जीवनसाथीवाल्या इन्फो एजने २०२२ मध्ये घेतलं. म्हणजे ‘टिंडर बेकार आहे यार, मी हिंजवर गेलो’ म्हणणारा माणूस दुकान बदलत नाहीये, त्याच दुकानातलं दुसरं कपाट उघडतोय.

मग निवडायचं कसं? मला विचाराल तर फ्री ॲप भरवशाचं आहे की नाही हे मॅच (दोघांनी एकमेकांना लाइक केलं की जुळते ती जोडी) किती पटकन मिळतात आणि प्ले स्टोअरवर स्टार किती आहेत यावरून कळतच नाही. ते कळतं काहीतरी बिघडल्यावर. कोणी तुमचेच फोटो वापरून बनावट प्रोफाइल काढली, कोणी धमकी दिली, कोणी पैसे उकळले, तेव्हा ॲपवाले काय करतात, किती वेळात करतात, तिकडून माणूस उत्तर देतो की ‘आम्ही तुमची सुरक्षा गांभीर्याने घेतो’ छापाचं मेल येतं आणि विषय संपतो. यातलं बरंचसं आधी बघता येतं, पण कोणी बघत नाही, कारण ॲप टाकताना सगळे लव्ह स्टोरीच्या मूडमध्ये असतात, कम्प्लेंटच्या नाही. आणि दुसरं, ही सगळी तपासणी एकट्या युजरच्या डोक्यावर टाकून कंपन्या आणि सरकार दोघं मोकळे झालेत, ते मला मान्य नाही.

आधी फुकटचा हिशोब बघू. सर्व्हर लागतात, माणसं लागतात, ते पैसे कुठून तरी येणारच. साधारण दोन वाटा आहेत. एक म्हणजे फुकटात अर्धवट द्यायचं, दिवसाला मोजके लाइक, तुम्हाला कोणी लाइक केलंय तो फोटो धूसर करून दाखवायचा आणि बघायचा असेल तर ‘गोल्ड’ नावाचा पैशांचा प्लॅन घ्या. दुसरी वाट म्हणजे तुमची माहिती. पहिली वाट त्यातल्या त्यात बरी, निदान समोर येऊन मागतात. पण तिथेही काय काय चालतं बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिकडच्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये मॅच ग्रुपवर केस टाकली, मॅच डॉट कॉम या साईटबद्दल. आरोप असा होता की जी खाती कंपनीच्या स्वतःच्याच सिस्टीमने ‘फ्रॉड असू शकतं’ म्हणून बाजूला काढली होती त्यांनी केलेल्या लाइकचे मेल फुकट युजरना जात राहिले, ‘कोणालातरी तुमच्यात इंटरेस्ट आहे’ असे, आणि कोण ते बघायला लोक पैसे भरत होते. कोर्टात हा भाग टिकला नाही कारण तिकडच्या कायद्यात युजरने केलेल्या उद्योगांबद्दल प्लॅटफॉर्मला संरक्षण आहे. उरलेले मुद्दे, म्हणजे ‘कोणी सापडलं नाही तर सहा महिने फुकट’ या गॅरंटीच्या नीट न सांगितलेल्या अटी, सबस्क्रिप्शन बंद करायचा घोळ, यावर कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन मिटवलं. आता मला सांगा, कायद्याने सुटले ते सुटले, पण आपल्या फोनवर ‘५ जणींनी तुम्हाला लाइक केलंय’ असं नोटिफिकेशन आलं की त्या पाचातल्या खऱ्या किती हे विचारायची सोय कुठल्या ॲपमध्ये आहे?

किमतीचंही तेच. टिंडरने २०१५ मध्ये पेड प्लॅन आणला तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना ९.९९ डॉलर आणि वरच्यांना १९.९९. वय जास्त म्हणून दुप्पट! त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, नंतर युरोपात टिंडरला कबूल करावं लागलं की किंमत माणूस बघून ठरवत असू तर तसं सांगू. त्यामुळे मित्राला प्लॅन स्वस्त पडला आणि तुम्हाला महाग दिसतोय तर त्यात नवल काही नाही.

माहितीची वाट जास्त वाईट. समलिंगी पुरुषांच्या ग्राइंडर या डेटिंग ॲपने युजरचं एचआयव्ही स्टेटस ॲप तपासणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांकडे जाऊ दिल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, नंतर परवानगी नसताना जाहिरात कंपन्यांना माहिती दिली म्हणून नॉर्वेने २०२१ च्या डिसेंबरात ६.५ कोटी क्रोनरचा दंड ठोकला. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२४ मध्ये २५ डेटिंग ॲप्स तपासली, त्यातल्या २२ वर प्रायव्हसीसाठी धोक्याचा शिक्का मारला. त्याच वर्षी बेल्जियमच्या लूव्हन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बंबल, हिंज, ग्राइंडर धरून काही ॲप्समधून समोरच्याचं ठिकाण जवळपास अचूक काढता येत होतं, नुसत्या ‘इतके किलोमीटर दूर’ या आकड्यांशी खेळून. त्यांनी सांगितल्यावर कंपन्यांनी ते बुजवलं. पण विचार करा, पुण्यात कोथरूडमध्ये एकटी राहणारी मुलगी, तिचा फ्लॅट कुठे आहे हे एखाद्या नकार पचवू न शकणाऱ्या माणसाला कळू शकत होतं, आणि तिला या गोष्टीचा पत्ताही नाही. म्हणून लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ आणि ‘अंदाजे’ वर ठेवा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत हे होतं, पाच सेकंदांचं काम आहे.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडतंय त्याकडे येतो, कारण खरा मसाला इथे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये अंधेरी पश्चिमेच्या एका क्लबचं प्रकरण गाजलं. मुलगी ॲपवर मॅच होते, लगेच भेटू म्हणते, जागा तीच सांगते, गेल्यावर ड्रिंक्स, हुक्का मागवत सुटते, मग तिला अचानक घरून फोन येतो आणि ती जाते, आणि टेबलावर बिल येतं २३ हजारांपासून ६१ हजारांपर्यंत. वाद घातला की बाउन्सर. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत यूपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाला लक्ष्मीनगर भागातल्या कॅफेत असंच १ लाख २१ हजारांचं बिल लावलं होतं आणि पोलिसांच्या तपासात निघालं की मुलगी, मॅनेजर आणि मालक यांच्यात प्रत्येक बिलाचे टक्के ठरलेले होते. म्हणजे हा एकट्यादुकट्या मुलीचा चावटपणा नव्हे, धंदा आहे. यात फसलेले बहुतेक जण तक्रारच करत नाहीत, घरी काय सांगणार, ऑफिसात काय सांगणार. लाजेवरच तर हे सगळं चालतं.

लाजेवरून सेक्सटॉर्शन आलं, म्हणजे अश्लील व्हिडिओ पसरवायची धमकी देऊन पैसे उकळणं. मॅच झाली, दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर गेलात, व्हिडिओ कॉल आला, समोर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू, इकडे तुमचा चेहरा रेकॉर्ड, आणि पाच मिनिटांनी ‘तुझ्या फेसबुकच्या सगळ्या मित्रांना पाठवतो’. नंतर एक ‘क्राइम ब्रँचचा साहेब’ फोन करतो, तोही त्यांचाच. २०२२ मध्ये पुण्यात याच जाचाला कंटाळून तरुण पोरांनी जीव दिला आणि पुणे पोलीस तपास करत राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत पोचले. अशा वेळी काय करायचं ते सरळ सांगतो: पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की दुसऱ्यांदा मागतातच. स्क्रीनशॉट ठेवायचे, घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला तरी सांगायचं, १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. आणि फोटो-व्हिडिओ पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय नावाची फुकट सोय आहे, ती तुमचा फोटो मागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक कोड बनवते आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो कोड बघून फोटो अडवतात.

तिसरा प्रकार सगळ्यात संथ. महिना दोन महिने गोड गोड गप्पा, जेवलास का, झोपलास का, पैशाचं नावही नाही. मग हळूच ‘माझे काका ट्रेडिंग करतात, मी पण करते, तू दहा हजार टाकून बघ’. दहाचे बारा होतात, ते काढताही येतात, आणि मग माणूस फ्लॅटसाठी ठेवलेले पैसे टाकतो आणि साईट बंद. पलीकडची ‘ती’ बऱ्याचदा ती नसतेच. म्यानमार-थायलंड सीमेवरच्या बंदिस्त अड्ड्यांमध्ये नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेली पोरं हे काम करतात, मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून ५४९ भारतीयांना परत आणलं. महाराष्ट्र सायबरनेही नंतर तिकडून माणसं सोडवून आणली. म्हणजे इकडे फसलेला आपला, आणि तिकडे बंदुकीच्या धाकाने चॅट करणाराही आपल्यातलाच कोणीतरी असू शकतो. यावर काय बोलणार.

आणि हे तरुणांपुरतं आहे हा गैरसमज. मुंबईतल्या एका ८० वर्षांच्या आजोबांनी २०२३ पासून पावणेदोन वर्षांत ७३४ व्यवहारांत जवळपास ९ कोटी रुपये घालवले, चार ‘बायकांना’, ज्या बहुतेक एकच कोणीतरी असाव्यात असा संशय आहे. सुरुवात डेटिंग ॲपवर नाही, फेसबुकच्या फ्रेंड रिक्वेस्टवरून.

या सगळ्या भानगडींत एक धागा समान आहे तो बघा. समोरचा तुम्हाला लवकरात लवकर ॲपच्या बाहेर काढतो. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्लब, ट्रेडिंग साईट. ॲपमध्ये राहून गुन्हा करणं अवघड असतं, तिथे चॅट राहतं, रिपोर्ट होतं. मग ॲपवाल्यांना हे दिसत नाही का? एकच खातं दिवसात पन्नास जणांना तोच नंबर पाठवतंय, एकच मुलगी आठवड्यात दहा जणांना त्याच क्लबात बोलावतेय, हे मशिनला पकडणं अजिबात कठीण नाही. ज्या कंपनीला तुम्ही पंचविशीतले, जिमला जाणारे, कुत्रा आवडणारे हे बरोबर कळतं तिला हे कळत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. आणि फसवणाऱ्याचं खातं बंद केल्यावर त्याच्याशी बोललेल्या बाकी सगळ्यांना ‘सावध रहा, या माणसाशी तुम्ही बोलला होतात’ असं कळवतं का, हा मी भरवशाच्या ॲपसाठीचा पहिला प्रश्न मानतो. काही ॲप्स कळवतात. जे कळवत नाही त्याला मी एक स्टारही देणार नाही.

इथे घरातले ज्येष्ठ म्हणतात, म्हणून तर सांगतो ही थेरं नकोत, मॅट्रिमोनिअलवर नाव घाल, तिथे सगळं तपासलेलं असतं. असतं? २०१६ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मॅट्रिमोनिअल साईट्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, युजरचा ओळखीचा पुरावा घ्या, आणि ही साईट फक्त लग्नासाठी आहे डेटिंगसाठी नाही असं ठळक लिहा. सूचना चांगल्याच आहेत. पण जुलै २०२४ मध्ये नालासोपारा पोलिसांनी ज्या माणसाला पकडलं त्याने मॅट्रिमोनिअल साईट्सवरूनच घटस्फोटित आणि विधवा बायका हेरून २० पेक्षा जास्त जणींना लग्नाच्या नावाने लुबाडल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. लंडनचा डॉक्टर गिफ्ट घेऊन येतोय आणि दिल्ली विमानतळावर कस्टमने अडवलाय, सोडवायला पैसे भरा, हा खेळ तर मॅट्रिमोनिअलवरच मोठा झाला. उलट तिथे धोका एका अर्थी जास्त, कारण पोरगी डेटिंग ॲपवर असते तेव्हा निदान सावध असते, मॅट्रिमोनिअलवर आईबाबाच म्हणतात स्थळ चांगलं आहे, बोल जरा मोकळेपणाने. पूर्वी स्थळाची चौकशी व्हायची, गावातला कोणीतरी, ऑफिसातला कोणीतरी, ‘मुलगा काय करतो हो, पितो का’ असं विचारलं जायचं. त्या चौकशीत जात, पैसा, रंग असलं नको ते पण भरपूर होतं, त्याबद्दल मला अजिबात गळा काढायचा नाही. पण निदान माणूस आहे आणि तिथेच राहतो एवढं तरी कळायचं. साईटवर पत्रिका जुळते, छत्तीस गुण दिसतात आणि माणूस अस्तित्वातच नसतो.

मग उपाय काय, आधार सक्तीचं करा? चर्चेत हे फार पटकन येतं आणि मला ते धोक्याचं वाटतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टी नावाच्या ॲपचं काय झालं आठवा. बायकांनी पुरुषांबद्दल एकमेकींना सावध करण्यासाठीचं ॲप, बाई आहोत हे सिद्ध करायला सेल्फी आणि ओळखपत्र मागायचे. तिथून ७२ हजार फोटो बाहेर आले, त्यात ओळख पटवण्यासाठी दिलेले १३ हजारांच्या आसपास सेल्फी आणि कार्डं. सुरक्षेसाठी दिलेलीच वस्तू चोरीला गेली. आपल्याकडे तर अजून वाईट होईल. दुसऱ्या जातीतल्या, दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी बोलणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव, आडनाव, पत्ता एखाद्या छोट्या स्टार्टअपच्या सर्व्हरवर पडलेला, आणि तो फुटला तर तिला ट्रोलिंग नाही, घरचे गाठणार आहेत. कलम ३७७ मधून सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी लोकांची सुटका केली, पण जळगावात किंवा परभणीत राहणाऱ्या गे मुलाला अजूनही नाव लपवूनच ॲपवर यावं लागतं, आणि त्याला भेटायला बोलावून लुटणाऱ्या टोळ्यांना हेच माहीत असतं की हा पोलिसात जाणार नाही. अशा मुलाकडून आधार मागणं म्हणजे त्याला ॲपवरून हाकलणं.

त्यामुळे माझं म्हणणं असं की माणूस जिवंत आहे आणि फोटोतलाच आहे एवढं तपासा, आणि ते सगळ्यांचं तपासा, फुकट तपासा. कॅमेऱ्यासमोर मान हलवून व्हिडिओ सेल्फी घ्यायची, फोटोशी जुळवायची. टिंडरने ‘फेस चेक’ नावाने असं भारतातही सुरू केलंय, इतर ॲप्समध्येही टिक मिळते, पण बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला फसवायचंय तो ती घेत नाही इतकंच. नाव, गाव, आडनाव साठवायची काही गरज नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ ला झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना तेव्हापासून दीड वर्षाची सवलत. तोवर कंपनीला आपण जेवढं कमी देऊ तेवढं बरं. आणि निळी टिक आहे म्हणून माणूस सज्जन असं नाही हेही लक्षात ठेवा, अंधेरीच्या क्लबात बोलावणाऱ्या मुली खऱ्याच होत्या, फोटोही त्यांचेच असणार.

आता एक गोष्ट पुरुषांना, थोडी कडू. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला होता, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. लोक हसले, मीम झाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुलींची संख्या कमी झाली ती आपल्याच सोनोग्राफीच्या मशिनांमुळे, शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही हेही खरं, आणि या सगळ्याचा ताण घेऊन तो मुलगा ॲपवर येतो तिथे पुन्हा पुरुषांचीच गर्दी. शंभर लाइक करून एक उत्तर येत नाही. मग जी पहिली उत्तर देते, तीही सुंदर, तीही लगेच भेटायला तयार, तिच्यावर शंका घ्यायची त्याची इच्छाच नसते. फ्री ॲपचा आणि फसवणाऱ्याचा दोघांचाही धंदा याच टंचाईवर चालतो. पेपरच्या छोट्या जाहिरातींत ‘फ्रेंडशिप क्लब, हाय प्रोफाइल महिला, भरपूर कमवा’ यायचं तेव्हाही गिऱ्हाईक हेच होतं, आता टेलिग्रामवर आलंय इतकंच. रजिस्ट्रेशन फी मागितली की तिथेच थांबा, खऱ्या डेटिंगमध्ये कोणी मुलगी भेटण्याआधी जीएसटी मागत नाही.

आणि बायकांची बाजू वेगळीच आहे, त्यांना मॅचची टंचाई नाही, त्यांना कचऱ्याचा पूर येतो. बंबलने २०१४ मध्ये ‘पहिला मेसेज बाईनेच करायचा’ हा नियम आणला तो याच कारणाने, दहा वर्षांनी तो थोडा सैल केला. मला तो नियम आवडायचा. ॲप निवडताना मैत्रिणीला मी हेच सांगेन की न मागता आलेला नग्न फोटो ॲप धूसर करतं का, ब्लॉक केलेला माणूस नवीन नंबराने परत येऊ शकतो का, फोनमधले कॉन्टॅक्ट्स आधीच ब्लॉक करता येतात का म्हणजे ऑफिसातला सुपरवायझर किंवा मामेभाऊ समोर यायला नको. आणि यातलं काही फक्त पैसे भरल्यावर मिळत असेल तर ते ॲप नको. कोणाला आपण दिसावं आणि कोणाला नाही हे ठरवायची सोय काही ॲप्स प्लॅनमध्ये विकतात, म्हणजे सुरक्षितता हवी तर पैसे टाका. सीटबेल्टचे वेगळे पैसे गाडीवाले घेत नाहीत, सरकार घेऊ देत नाही. तसा नियम इथे का नाही?

ज्येष्ठांसाठी मात्र मला ॲपपेक्षा दुसरी वाट बरी वाटते. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ सुरू केलं, तिथे एकटे पडलेले लोक आधी प्रत्यक्ष भेटतात, सहलीला जातात, मग काय ते ठरवतात. साठीनंतर जोडीदार शोधणं यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही, आणि ते हसणंच त्यांना गुपचूप फेसबुककडे ढकलतं.

तर मग, ॲप टाकलंत. पहिल्या दिवशी कोणाला लाइक करायच्या आधी तीन जागा शोधा. खातं डिलीट करायचं बटण कुठे आहे, नुसतं ‘लपवा’ किंवा ‘पॉज’ नाही, डिलीट. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या विवाहितांच्या डेटिंग साईटची माहिती फुटली तेव्हा ज्यांनी १९ डॉलर भरून ‘फुल डिलीट’ घेतलं होतं त्यांचीही माहिती त्यात सापडली होती, वर बायकांच्या खोट्या प्रोफाइल चालवल्या म्हणून अमेरिकेच्या सरकारने नंतर कंपनीकडून दंडही घेतला. दुसरी जागा, मॅच काढून टाकल्यावरही त्या माणसाला रिपोर्ट करता येतं का, कारण फसवणारा काम झालं की तुम्हाला अनमॅच करून तुमच्या फोनवरचं चॅटच गायब करतो. तिसरी, भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि मेल. आयटी नियम २०२१ प्रमाणे ते जाहीर करणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, आणि उत्तर पटलं नाही तर २०२३ पासून सरकारच्या ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे ३० दिवसांत ऑनलाईन अपील करता येतं, वकील लागत नाही, फी नाही. ज्या ॲपच्या वेबसाईटवर हे नावच सापडत नाही, फक्त एक जीमेलचा पत्ता आहे, ते ॲप कितीही फुकट असलं तरी काढून टाका. प्ले स्टोअरवर असल्या ॲप्सचा सुळसुळाट आहे, नावात ‘देसी’, ‘चॅट’, ‘लाइव्ह’ वगैरे असतं, उघडल्या उघडल्या दहा मेसेज येतात आणि उत्तर द्यायला कॉइन्स विकत घ्यावे लागतात. खरी माणसं इतकी रिकामी नसतात.

तुम्ही म्हणाल एवढं सगळं ठीक, पण कुठलं टाकू ते सांग. मुंबई, पुणे, ठाणे इथे असाल तर मोठ्या तीन-चार ॲप्सपैकी कुठलंही एक, कारण तिथे निदान तक्रार करायला कंपनी आहे आणि माणसं खरी सापडण्याइतकी गर्दी आहे. लातूर, चंद्रपूर, सिंधुदुर्गात त्याच ॲपवर वीस स्वाइपनंतर पुणे सुरू होतं, त्यामुळे तिथे फ्री डेटिंग ॲपचा फारसा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत, आणि तिथे ‘तुमच्या गावातल्या मुली’ दाखवणारं ॲप दिसलं तर समजा ते खोटं आहे. जाता जाता, आयलवाल्यांनी मल्याळम, तमिळ, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांसाठी आरिके, अन्बे, नीतो, नीने अशी वेगळी ॲप्स काढली, त्या यादीत मराठी नाही. आपण काय डेट करत नाही की काय!

पहिली भेट दिवसा, जागा तुम्ही सुचवा, तिने किंवा त्याने सुचवली तर मेनूकार्ड आधी गुगलवर बघा, दर नसलेलं मेनूकार्ड आलं तर उठा. जाण्याआधी एक साधा व्हिडिओ कॉल ॲपमधूनच करा, प्रोफाइलचा फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, कुठे जाताय ते एका माणसाला सांगा. पैसे गेलेच तर १९३० ला पहिल्या तास-दोन तासांत फोन करा, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत गोठवता आले तर आले. आणि कोणी सापडलं, किंवा कंटाळा आला आणि निघायचं ठरलं, तर आधी प्ले स्टोअरमधून सबस्क्रिप्शन कॅन्सल करा, मग ॲपच्या आत जाऊन खातं डिलीट करा, आणि मग फोनवरून ॲप काढा, याच क्रमाने, कारण नुसतं ॲप काढलं तर तुमची प्रोफाइल तिथे लोकांना दिसत राहते आणि महिन्याच्या महिन्याला पैसेही कापले जातात.